अमेरिकेचं हवाई दल दर ख्रिसमसला पॅसिफिकमधल्या बेटांवर विमानातून भेटवस्तू टाकतं म्हणे. खरं आहे का? आणि तेच सामान जहाजाने पाठवणं स्वस्त पडणार नाही का?

हो, खरं आहे. १९५२ पासून चालू आहे. 'ऑपरेशन ख्रिसमस ड्रॉप' असं त्याचं नाव. खर्चाची तुमची शंका रास्त आहे, पण तो हिशेब वेगळ्याच वहीत लिहिला जातो. मी फौजेत असताना ईशान्येत विमानातून रसद टाकणाऱ्या तुकडीत चार वर्षं काढली, त्यामुळे मला यात सांताक्लॉजपेक्षा आमचं नेहमीचं कामच जास्त दिसतं.

सुरुवात अगदी सहज झाली. पॅसिफिकमधल्या ग्वाम या अमेरिकेच्या बेटावरून हवामान टेहळणीला निघालेलं एक बी-२९ विमान कापिंगामारांगी नावाच्या प्रवाळबेटावरून जात होतं. खाली लोक हात हलवताना दिसले. नाताळ तोंडावर होता. विमानात जे काही हाताशी होतं ते एका डब्यात भरलं, त्याला पॅराशूट बांधलं आणि विमान वळवून खाली सोडून दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याची प्रथाच पडली.

आता जहाजाचं. ही बेटं नकाशावर ठिपका म्हणूनसुद्धा दिसत नाहीत. मायक्रोनेशिया या देशात सहाशेच्या वर बेटं, पण सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम ७०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडीच जास्त. कापिंगामारांगी ज्या पोन्पे राज्यात मोडतं, त्याच्या मुख्य बेटापासूनच ते सातशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. अशा बहुतेक बेटांवर धावपट्टी नाही. जहाज येतं, पण वर्षातून मोजक्या वेळा, आणि वादळ झालं किंवा इंजिन बिघडलं की तेही लांबतं. एवढ्याशा वस्तीसाठी व्यापारी जहाज कोण कशाला वळवेल?

राहिला पैसा. खोक्यांतलं सामान सरकारी नसतं, ते ग्वाममधल्या लोकांच्या देणग्यांतून आणि वर्गणीतून जमतं. उड्डाणाचा खर्च सरावाच्या खात्यावर पडतो. जपानमधल्या अमेरिकेच्या योकोता तळावरची सी-१३० ही मालवाहू विमानं डिसेंबरात ग्वामच्या अँडरसन तळावर येतात आणि पन्नासच्या वर बेटांवर फेऱ्या मारतात. कमी उंचीवरून, अनोळखी जागी, कुणी खुणा आखून दिलेल्या नसताना, समुद्राच्या वाऱ्यात अचूक माल टाकायचा, हे वैमानिकांना आणि लोडमास्टरना, म्हणजे विमानातला माल सांभाळणाऱ्यांना, एरवीही शिकावंच लागतं. रिकामे खोके टाकून शिकण्यापेक्षा भरलेले टाका, एवढंच. २०१५ पासून जपान आणि ऑस्ट्रेलियाची हवाई दलंही येऊ लागली. त्या भागात चीनचा वावर वाढतोय, हे कारण कुणी फलकावर लिहीत नाही, पण ते आहेच, असं माझं मत.

आता कामाची गोष्ट. लोकांना वाटतं खोका गावात पडतो. गावात टाकला तर कुणाच्या तरी छपरावर नाहीतर डोक्यावर बसेल! एकेक खोका दीड-पावणेदोनशे किलोंचा. म्हणून तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात टाकतात. आधी एक फेरी नुसती बघण्यासाठी: पाण्यात कुणी पोरं नाहीत ना, होडी मध्ये आलेली नाही ना. मग मागचा दरवाजा उघडतो, विमानाचं नाक थोडं वर होतं, खोका रुळांवरून घरंगळत जातो आणि विमानाला बांधलेली दोरी ताणली जाऊन पॅराशूट उघडतं. इतक्या कमी उंचीवरून खाली पोचायला काही सेकंदच लागतात. त्या दरवाजाशी उभं राहिलेल्याला माहीत असतं, खोका सुटला की आपल्या हातात काहीच उरत नाही. आमच्याकडे तांदूळ बिनपॅराशूटचाही टाकायचे, एका गोणीत दुसरी घालून. आतली फुटली तरी दाणे बाहेरच्या गोणीत राहायचे. दरीत वारा फिरला की मात्र पॅराशूट पलीकडच्या डोंगरावर, आणि मग दिवसभर पायपीट.

खोक्यात खेळणी असतात, पण वरवर. मासे पकडायची जाळी, कोयते, तांदूळ, कपडे, औषधं, शाळेच्या वह्या, हाच खरा माल. मला विचाराल तर एक जाळं दहा बाहुल्यांना भारी. बेटवासी बहुतेक ख्रिस्ती, त्यामुळे ख्रिसमस त्यांच्यावर लादलेला नाही, घरचाच आहे.

खोका पाण्यात पडला की होड्या निघतात. आणि तिथे वाया काहीच जात नाही: दोऱ्या होडीला, फळ्या घराला, पॅराशूटचं कापड छपरावर नाहीतर होडी झाकायला. ही पॅराशूटंही बहुतेक जवानांच्या वापरातून बाद झालेली असतात, कुणी परत मागत नाही. आम्हाला मात्र एकेका पॅराशूटचा हिशेब द्यावा लागायचा. टाकलेलं सगळं गोळा करून, वाळवून, मोजून परत. एकदा दोन कमी भरली. चार दिवसांनी खालच्या वस्तीतल्या एका आजींच्या अंगणात सापडली, वर मिरच्या वाळत घातल्या होत्या.