पेडर रोडचा चढ चालत गेलं तर मुंबई मॅरेथॉन पूर्ण धावली असं म्हणता येतं का?

हो, येतं. बिनदिक्कत म्हणा.

तुम्ही लिहिलंय की वय ४४, डोंबिवलीत राहता, येत्या जानेवारीत पहिली फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, करायची आहे, आणि धावण्याच्या ग्रुपमधल्या एकाने सांगितलंय की पेडर रोडवर, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या त्या शेवटी लागणाऱ्या चढावर, जो चालतो त्याची मॅरेथॉन धरत नाहीत. म्हणून तो चढ न थांबता कसा चढायचा हे तुम्हाला हवंय. चढाचं सांगते, पण आधी हे ‘धरत नाहीत’ प्रकरण निकालात काढू. असा एक माणूस माझ्याही घरात आहे.

रोड रेसच्या नियमांत चालायला बंदी नाही. ठरलेला रस्ता स्वतःच्या पायांनी पूर्ण करायचा, मधेच शॉर्टकट घ्यायचा नाही, वेळेच्या मर्यादेत पोचायचं. बिबवरच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरवरच्या, चिपला तुम्ही वेळ नोंदवणाऱ्या कुठल्या मॅटवरून कधी गेलात एवढंच कळतं. सर्टिफिकेटवर वेळ येते, चढावर काय केलं ते येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी पहिली फुल केली तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी त्याच दिवशी हाफ, म्हणजे २१ किलोमीटर, केली होती. ते कॉलेजात असल्यापासून धावतात, चांगले धावतात. मी चाळिशीनंतर सुरुवात केली, ठाण्यात, सकाळी डबे करून ठेवून मग उपवनला जायचं, अशी. आमच्या ग्रुपमध्ये येऊरच्या चढावर पहिल्यापासून एकच शिस्त होती: नवीन माणसाने चढ भराभर चालायचा, सपाटीवर आणि उतारावर धावायचं. त्यामुळे पेडर रोड चालायचा हे मी बिब हातात पडायच्या आधीच ठरवलं होतं. दमले म्हणून चालले नाही, ठरवून चालले. हा फरक भाऊजींना आजवर मान्य नाही.

ज्यांनी मार्ग पाहिलेला नाही त्यांना तो चढ काय आहे ते कळणार नाही. मी धावले तेव्हाचा मार्ग सांगते. सीएसएमटीहून पहाटे निघता तेव्हा अंधार असतो, मरीन ड्राइव्हला वारा असतो. जातानाही पेडर रोड लागतो, पण तेव्हा पाय ताजे असतात, तो कधी संपला कळत नाही. मग हाजी अली, वरळी, सी लिंक, जिथे एरवी पायी पाऊल टाकता येत नाही. पलीकडे वांद्र्याला उतरून माहीम, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक करत परत वरळी. हाजी अलीला समुद्र उजवीकडे राहतो आणि तुम्ही आत वळता, तिथून खरा पेडर रोड. ३५-३६ किलोमीटर झालेले असतात. माझ्या वेगाच्या माणसाला तिथे पोचेपर्यंत दहा वाजतात, आणि मुंबईचा जानेवारी दहा वाजता थंड नसतो. दोन्ही बाजूंनी उंच इमारती, वारा बंद, दमट हवा, घाम सुकत नाही. चढ जेमतेम किलोमीटरभराचा आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाजवळ तो काहीच नाही. पण यवतेश्वर पायात ३५ किलोमीटर घेऊन कोणी चढत नाही.

मी जसलोक हॉस्पिटलपर्यंत चालले. हात हलवत, छोटी पावलं टाकत. तिथले रहिवासी घरातून टेबलं आणून उभे असतात, त्यांच्याकडून संत्र्याच्या फोडी आणि चिमूटभर मीठ घेतलं. कोणीतरी तिळगूळही दिला, संक्रांत नुकतीच झाली होती. माझ्या शेजारून एक तरुण मुलगा दात ओठ खात धावत वर गेला. मला तो केम्प्स कॉर्नरच्या उतारावर परत दिसला, दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन फुटपाथवर बसलेला, स्वयंसेवक स्प्रे मारत होते. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं, कारण त्याची तयारी माझ्यापेक्षा नक्कीच जास्त असणार. उतारावर मी धावायला सुरुवात केली ती बाबुलनाथ, चौपाटी, पूर्ण मरीन ड्राइव्ह. चर्चगेटला माझ्या पुढे चालणारे कितीतरी होते, त्यांना मागे टाकत गेले. सहा तासांच्या थोडं वर वेळ लागला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सोसायटीच्या बायका, सासूबाईंच्या मैत्रिणी, घर भरलेलं. कोणीतरी कौतुकाने मेडल बघायला मागितलं. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी धावल्या कुठे? पेडर रोडला फिरून आल्या.” सगळे हसले. मी वाण वाटत होते, वाटत राहिले.

भाऊजी, हाफवाल्यांनाही तोच चढ लागतो, मान्य. पण तुम्ही तिथे सूर्य वर यायच्या सुमारास पोचता, पायात १५ किलोमीटर असतात, पुढे सहा उरलेले असतात. तो चढ न थांबता चढलात याचं मला खरंच कौतुक आहे. पण त्यावरून ३६ व्या किलोमीटरला काय करावं हे ठरत नाही.

आणि हिशेबच करायचा तर करू. सहा तासांच्या माणसाचा तोपर्यंतचा वेग किलोमीटरला साडेआठ-नऊ मिनिटं असतो. तो चढ कसाबसा धावला तर साडेनऊ लागतील, झपाझप चालला तर अकरा-साडेअकरा. म्हणजे चालल्याने गेली दोन मिनिटं. पोटरीत गोळा आला तर वीस मिनिटं सहज जातात, आणि पुढचे सहा किलोमीटर लंगडत जातात ते वेगळंच. अब्रू म्हणून वीस मिनिटं पणाला लावायची कशाला?

मोठ्या लोकांना हे कधीच कमीपणाचं वाटलं नाही. १९७५ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये बिल रॉजर्स पाणी नीट पिता यावं म्हणून थांबले, बुटाची नाडी बांधायला थांबले, आणि २ तास ९ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकले. त्यांची मॅरेथॉन कोणी धरली नाही का? १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी तर पुढे आयुष्यभर हौशी लोकांना सुरुवातीपासून मधे मधे चालायलाच शिकवलं. मुंबई मॅरेथॉनचा पुरुषांचा विक्रम हेले लेमी यांचा आहे, २०२३ मधला, २:०७:३२. म्हणजे किलोमीटरला साधारण तीन मिनिटं. त्या वेगाच्या माणसाने पेडर रोडवर चालू नये हे मला पटतं. बाकी आपण सगळ्यांनी एकमेकांचे पाय मोजणं बंद करावं.

आता तुमच्या तयारीचं. लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांबचं धावणं), आठवड्याचे किलोमीटर, टेपर (शर्यतीआधी सराव कमी करत नेणं) हे तुमच्या ग्रुपमध्ये ठरलेलं असेलच. चढासाठी डोंबिवलीत रेल्वेवरच्या पुलाचा चढ पुरेसा आहे. मात्र तो ताज्या पायांनी करू नका, लाँग रनच्या शेवटी करा, आणि उन्हात करा. पहाटे पाचला सुरू करून आठला घरी येणाऱ्यांना दहाचं ऊन माहीतच नसतं. एखाद-दोन लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू करा. चालायचा सरावही करा. दमून रेंगाळणं वेगळं आणि मिनिटाला मोजून पावलं टाकत चालणं वेगळं, दुसरं शिकावं लागतं. न थांबता धावूनच चढायचं असेल तर वाकू नका, पावलं लहान करा, घड्याळाकडे बघू नका. याहून जास्त मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे धावत नाही आणि धावणारही नाही.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मी म्हणते तसं चालायचं तर वेळ आधी वाचवलेला हवा. फुलला साधारण सात तासांची मर्यादा असते, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटंही पूर्ण मिळत नाहीत. त्यामुळे वरळीला परत येईपर्यंत रमलात तर पेडर रोडला चालायची चैन परवडणार नाही. बाहेरच्या एखाद्या स्पर्धेसाठी ठरावीक वेळेचं सर्टिफिकेट हवं असेल तरी माझा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही, प्रशिक्षकाला विचारा. नुसतं पाणी ढोसू नका, मीठही हवं. आणि वय ४४ आहे, तेव्हा नाव नोंदवायच्या आधी डॉक्टरकडे जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या, बीपी-शुगर असेल तर नक्कीच. चढावर छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर चालायचंही नाही, तिथेच बसायचं आणि स्वयंसेवकाला हाक मारायची. दर थोड्या अंतरावर मेडिकल टेबल असतं.

ग्रुपमधल्या त्या गृहस्थांना एक विचारा, त्यांनी स्वतः फुल केली आहे का. आमच्या भाऊजींनी अजून केलेली नाही.