सकाळचं दूध कालच्या तारखेला का पडतं?

प्रश्न : मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. दीडशेच्या आसपास उत्पादक दोन्ही वेळेला दूध घालतात. भाच्याने सुट्टीत जँगोमध्ये (पायथन भाषेतला, वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) प्रोग्रॅम करून दिला. लिटर, फॅट, एसएनएफ टाकलं की दर आणि रक्कम येते, दहा दिवसांनी बिल निघतं. त्याच्या लॅपटॉपवर झकास चालायचं. आता तेच रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर टाकलंय, एक जीबीच्या. पण लॅपटॉपवरची काळी खिडकी मिटली की प्रोग्रॅम बंद. लाइट जाऊन आली की पुन्हा कुणीतरी चालू करायचा, आणि भाचा राहतो पुण्याला. शिवाय मधूनच सकाळचं दूध आदल्या दिवशीच्या तारखेला पडतं, मग बिलाच्या दिवशी भांडणं. एक जण म्हणतो पाय ५ घ्या. दुसरा म्हणतो जँगो जड आहे, पायथनच्याच फ्लास्क नावाच्या सांगाड्यात करून घ्या. काय करावं?
– संस्थेचे सचिव, जि. कोल्हापूर

उत्तर : सचिवसाहेब, पाय ५ घेऊ नका आणि प्रोग्रॅम पुन्हा लिहूनही घेऊ नका. दीडशे माणसं दोन तासांत म्हणजे मिनिटाला एक-सव्वा नोंद. पाय ३ ला चार कोअर आहेत, एवढ्याशा कामाला तो दिवसभर जांभया देत बसेल. तुमच्या रांगेत वेळ खातं ते फॅटचं मशीन.

फ्लास्क हलकं आहे हे खरं. पण लॉगिन, ॲडमिन, डेटाबेसची व्यवस्था हे सगळं त्यात आपलं आपण आणायचं असतं, म्हणून ते हलकं. जँगो अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. कचेरीतल्या माणसाने प्रोग्रॅमरला न बोलावता माहिती भरावी, म्हणून त्यात ॲडमिनची पानं आयती मिळतात. नवा उत्पादक वाढवायला तुम्ही बहुधा तीच वापरता. फ्लास्क घेतलं तर भाच्याची पुढची सुट्टी ती पानं पुन्हा बांधण्यात जाईल.

आता काळी खिडकी. भाचा जँगोचा ‘रनसर्व्हर’ वापरतोय. तो प्रोग्रॅम लिहिताना तपासण्यासाठी आहे, रोजच्या कामाला वापरू नका असं जँगोच्या माहितीपत्रकातच बजावलंय. लॅपटॉपवरून पायमध्ये शिरून तो चालू केला, म्हणून खिडकी मिटली की तोही मिटतो. यावर कुणी खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारं ‘स्क्रीन’ नाहीतर ‘टीमक्स’ सुचवेल. ते लाइट जाईपर्यंत ठीक. भाच्याला सांगा, रनसर्व्हरच्या जागी गनिकॉर्न (रोजच्या कामाचा सर्व्हर) घाल, दोन वर्कर पुरेत, आणि त्याची सिस्टिमडीत (पाय चालू होताना प्रोग्रॅम उठवणारी यंत्रणा) सर्व्हिस कर. त्या फाइलमध्ये रीस्टार्टपुढे ‘ऑलवेज’ लिहायचं आणि सर्व्हिस ‘इनेबल’ करायची. मग लाइट आली की पाय उठेल आणि प्रोग्रॅमही आपोआप उठेल. फाइलमध्ये गनिकॉर्नचा पत्ता मुळापासून पूर्ण द्यायचा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (प्रोग्रॅमच्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवणाऱ्या) फोल्डरसकट. नुसतं नाव लिहिलं तर सिस्टिमडीला ते सापडत नाही.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलेलंच नसेल तर आधी ते करा. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, त्याच्याबाहेर पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारी आज्ञा) काही बसवायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार येतो. तो नकार दडपायचा एक पर्याय त्याच संदेशात छापून येतो आणि मुलं हमखास तोच उचलतात. नका उचलू.

हे झालं की ‘डीबग’ (चुकांचा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) बंद करायचं. त्या क्षणी दोन गोष्टी घडू शकतात आणि भाच्याला फोन जाईल. एक, पायचा पत्ता ‘अलाउड होस्ट्स’ या सेटिंगमध्ये नसेल तर पान उघडण्याऐवजी ‘बॅड रिक्वेस्ट ४००’ येईल. तो तिथे घातला की ते जातं. राउटरमध्ये पायला एकच पत्ता कायमचा बांधून द्या, म्हणजे हे पुन्हा करावं लागणार नाही. दोन, पानाचे रंग-रूप उडून नुसता मजकूर उरेल. डीबग बंद असताना जँगो सीएसएसच्या फाइली स्वतः देत नाही. त्या फाइली एका जागी गोळा करणारी ‘कलेक्टस्टॅटिक’ आज्ञा चालवून त्या वाटणारं व्हाइटनॉइज बसवलं की झालं. संस्थेतल्या दोन-तीन मोबाइलसाठी एनजिनएक्स या वेगळ्या सर्व्हरचा संसार मांडायची माझ्या मते गरज नाही.

तारखेचं दुखणं मात्र जरा निगुतीने बघा, कारण ती एका लक्षणाची दोन दुखणी असू शकतात. भांडणाच्या नोंदी समोर घेऊन बसा. रोजच्या रोज तेच तेच पहिले चार-पाच जण कालच्या तारखेला पडतात का? ते सगळे साडेपाचच्या आत दूध घालून जाणारे आहेत का? तर दोष जँगोच्या सेटिंगचा. नव्या प्रोजेक्टमध्ये टाइम झोन ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे सव्वापाच वाजतात तेव्हा तिकडे कालचे रात्रीचे पावणेबारा असतात. तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहायचं. तेवढं करूनही तोच प्रकार राहिला, तर भाच्याने तारीख ‘टाइमझोन डॉट नाऊ’मधून कापून घेतली असेल. ते यूटीसीच देतं. त्याच्याऐवजी ‘लोकलडेट’ वापरायला सांगा. आणि जुन्या नोंदी हाताने दुरुस्त करण्याआधी डेटाबेसची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

याउलट एखाद्याच दिवशी, आणि तेही रात्री लाइट गेलेली असताना, अख्खी सकाळ कालच्या तारखेला पडत असेल, तर दोष घड्याळाचा. पाय ३ वर सेलवर चालणारं घड्याळच नाही. चालू झाला की तो इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. समजा, लाइट रात्री नऊला गेली आणि पहाटे पाचला आली. पाय लगेच उठतो, राउटर रेंगाळतो, गावातलं फायबर आणखी तासभर येत नाही. तोवर पाय शेवटची लिहून ठेवलेली वेळ धरून पुढे चालतो. त्याच्या लेखी अजून काल रात्रीचे नऊच वाजलेत आणि तुमच्या रांगेत वीस माणसं होऊन गेलेली असतात. यावर डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ मिळतं, बटण-सेलवर चालणारं. चार तारा जोडायच्या : ३.३ व्होल्ट (५ नव्हे), ग्राउंड, एसडीए, एससीएल. मग बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ. वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे होतं, दुधाला तेवढं चालतं. पाय ५ वर घड्याळ आहे, पण सेल त्यालाही वेगळा घेऊन लावावा लागतो, म्हणजे तो घेऊनही तुमचं भांडण आपोआप मिटलं नसतं.

प्रोग्रॅममध्येही एक बदल करून घ्या. सकाळ की संध्याकाळ हे घड्याळावरून ठरवू नका, भरणाऱ्याला निवडू द्या, आणि तारीख पानाच्या डोक्यावर ठळक दिसू द्या. चुकली तर रांगेतला पहिला माणूसच ओरडून सांगेल.

वीज आणि कार्ड. पाय ३ ला ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर लागतो. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावली की व्होल्टेज ४.६३ च्या खाली उतरतं आणि पायवरचा लाल दिवा मिणमिणतो. तो दिवा बघत जा. संस्थेत इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण आहे का बघा. ते यूपीएसवर ठेवा, नाहीतर लाइट जाताना पाय एक डुलकी घेतो आणि नेमकी तेव्हाच नोंद लिहिली जात असते. एसक्यूलाइट (जँगोचा नेहमीचा, एका फाइलमधला डेटाबेस) असा धक्का बऱ्यापैकी सोसतं, पण स्वस्त मेमरी कार्ड सोसत नाही. म्हणून रोज संध्याकाळचं संकलन संपलं की डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर जायला हवी, आणि तीही एसक्यूलाइटच्या स्वतःच्या ‘बॅकअप’ आज्ञेने. फाइल नुसती कॉपी केली आणि तेवढ्यात कुणी नोंद भरत असलं, तर अर्धवट प्रत हाती येऊ शकते. दहा दिवसांचं बिल कागदावर छापता तसं छापत राहा.

प्रश्न : पाय ४ वर फ्लास्क चालू केलं. पायच्याच ब्राउझरमध्ये पान दिसतं, पण होस्टेलच्या त्याच वायफायवर मित्राच्या लॅपटॉपवरून दिसत नाही. फायरवॉल नाही, सगळं तपासलं.
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : फ्लास्क सुरू होताना १२७.०.०.१ वर कान लावून बसतं, म्हणजे फक्त स्वतःच्या यंत्रातलं ऐकतं. सुरू करताना होस्ट ०.०.०.० दे. तरी नाही दिसलं तर बहुतेक होस्टेलच्या वायफायने दोन उपकरणांना एकमेकांशी बोलायची बंदी केलेली असेल. बऱ्याच ठिकाणी करतात. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दोन्ही यंत्रं त्यावर घे, पाच मिनिटांत खरं काय ते कळेल. आणि ०.०.०.० देताना डीबग बंद कर. डीबग चालू असताना फ्लास्कच्या चूक दाखवणाऱ्या पानावर पायथनची आज्ञा चालवायची सोय असते. तिला पिन असतो हे मान्य, पण सगळ्या होस्टेलला ते दार दाखवायचंच कशाला?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या घरी गच्चीतल्या टाकीवर सेन्सर आणि पाय झीरो २ डब्ल्यू बसवलाय, फ्लास्कचं एक पान पाण्याची पातळी दाखवतं. आई-बाबांना घरी दिसतं. मला इथून बघायचंय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती पायकडे वळवायची सोय) केलं, काही उपयोग नाही.
– न्यू जर्सीहून एक वाचक

उत्तर : घरच्यांना राउटरच्या पानावर ‘वॅन’चा (बाहेरच्या इंटरनेटकडचा) पत्ता वाचून दाखवायला सांगा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या मालिकेत असेल तर तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही, अनेक ग्राहकांत मिळून एक आहे. मग फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून वाट सापडणार नाही. टेलस्केल (लांबची यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम) पायवर आणि तुमच्या फोनवर घाला, दोन्हीकडे एकाच खात्याने. (तेही १०० च्याच मालिकेतले पत्ते वाटतं, तेव्हा दोन्ही पत्ते एकच समजू नका.) यात पान जगासमोर उघडं पडत नाही, हे मला सगळ्यात पटतं. टाकीच्या पातळीसाठी लॉगिन लिहीत बसायला नको.

सेन्सर कोणता ते लिहिलं नाहीत. एचसी-एसआर०४ असेल तर त्याची ‘इको’ची तार ५ व्होल्ट देते आणि पायची पिन ३.३ ची असते, मध्ये दोन रेझिस्टर लावले आहेत ना ते विचारा. शिवाय तो सेन्सर उघडा असतो, टाकीच्या वाफेत पावसाळाभर टिकणं कठीण. जेएसएन-एसआर०४टी हा पाण्याला दाद न देणारा प्रकार मिळतो, पण तो साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजत नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरते तिथपासून तेवढा वर बसवा.