वाचकांचे प्रश्न: लिनक्सवरच्या गेम्सची यादी करायची कशी?

प्रश्न (ऐरोली): ताई नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. आमच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांकडे घरचे जुने लॅपटॉप आहेत, त्यावर विंडोज रडतरखडत चालायचं म्हणून आम्ही लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलं. आता कुठले गेम चालतात त्याची एक शीट बनवतोय, एका कॉलममध्ये नाव आणि दुसऱ्यात ‘चालतो’ किंवा ‘नाही चालत’. पण त्यावरून रोज भांडणं, एकाने ‘चालतो’ लिहिलं की दुसरा येऊन खोडतो. आणि एक मित्र म्हणतो असल्या याद्या आधीच आहेत, उगाच कशाला वेळ घालवताय. मग करायची का नाही, आणि करायची तर कशी?

उत्तर: करायची, नक्की करायची, आणि भांडणं थांबवायची असतील तर आधी तो नुसतं ‘चालतो / नाही चालत’ एवढंच सांगणारा कॉलम काढून टाक. तुझे मित्र खोटं बोलत नाहीयेत रे, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघांनी वेगवेगळी गोष्ट चालवून बघितलीय आणि ते सांगायला तुमच्या शीटमध्ये जागाच नाहीये.

बघ, लिनक्सवर गेम येतो तो वेगवेगळ्या वाटांनी. एक म्हणजे खास लिनक्ससाठीच बनवलेला, नेटिव्ह. दुसरा म्हणजे विंडोजचाच गेम, पण वाइन किंवा प्रोटॉनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालणारा. वाइनवर १९९३ पासून काम चालू आहे आणि त्याच्याच जोरावर स्टीम हे गेम्सचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीने २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन आणलं, आता स्टीममध्ये बटण दाबलं की गेम सुरू होतो त्यामुळे आपण वाइन वापरतोय हे पुष्कळांना कळतही नाही. तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, जिथे इंजिन (गेम चालवणारा कोड) खुलं आहे पण डेटा (चित्रं, आवाज वगैरे) वेगळा. डूम या गाजलेल्या गेमचा सोर्स कोड तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये खुला केला, पण त्याच्या लेव्हल्स, चित्रं, आवाज हे काही खुलं झालं नाही, म्हणून मग फ्रीडूमवाल्यांनी तो सगळा डेटा नव्याने बनवायला घेतला. ओपनटीटीडी या गेमचं तसंच, २०१० मध्ये १.० व्हर्जन आलं तोपर्यंत त्याला ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सच्या मूळ फाइल्स लागायच्या, आता त्याची स्वतःची ग्राफिक्स आहेत. त्यामुळे अशा गेमच्या नोंदीत इंजिन कुठलं आणि डेटा कुठला हे दोन्ही लिहायचं, आणि लायसन्सही दोघांचं वेगवेगळं लिहायचं, कारण कोड फुकट वाटता येतो म्हणून चित्रंही वाटता येतात असं नसतं. आणि चौथी वाट डॉसबॉक्स वगैरे एम्युलेटरची, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची, त्यात फार डोकेफोड नाही, एम्युलेटरचं नाव आणि व्हर्जन लिहिलं की झालं.

मग एकच गेम दोन वाटांनी येत असेल तर? दोन ओळी करायच्या. स्टीमवर कित्येक गेमची नेटिव्ह आवृत्ती कधीतरी निघाली आणि पुढे कोणी तिच्याकडे बघितलंच नाही, आणि त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून जास्त चांगली चालते. एकाने नेटिव्ह लावला, दुसऱ्याने प्रोटॉन जबरदस्तीने लावलं, आणि दोघंही शीटमध्ये एकाच नावापुढे लिहितायत. भांडण होणारच.

आता जुन्या लॅपटॉपबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या भांडणाचं मूळ इथेच असणार. प्रोटॉनमध्ये डीएक्सव्हीके नावाचा एक भाग असतो, गेम डायरेक्टथ्रीडीच्या (विंडोजची ग्राफिक्सची पद्धत) भाषेत जे मागतो ते हा व्हल्कनच्या (लिनक्सवरही चालणारी ग्राफिक्सची पद्धत) भाषेत करून ग्राफिक्स कार्डाला देतो. २०२२ च्या नोव्हेंबरात डीएक्सव्हीके २.० आलं आणि त्याला व्हल्कन १.३ लागतं. पण जुन्या इंटेल ग्राफिक्सवर व्हल्कन एकतर नाहीच किंवा अर्धवट आहे. म्हणजे तुझ्या मित्राचा लॅपटॉप थोडा नवीन असेल तर त्याच्याकडे गेम मस्त चालतो, तुझ्याकडे तोच गेम, तेच मिंट, तेच प्रोटॉन, आणि काळी स्क्रीन. तू प्रोटॉनचं जुनं व्हर्जन निवडलंस किंवा डीएक्सव्हीके बंद करून वाइनडीथ्रीडी (वाइनमधला त्याच कामाचा जुना भाग) लावलंस तर कदाचित तुझ्याकडेही सुरू होईल, हळू का होईना. पण हे सगळं कळणार कधी, जेव्हा नोंदीत ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर म्हणजे मेसाचं व्हर्जन आणि प्रोटॉनचं व्हर्जन लिहिलेलं असेल तेव्हाच. नुसतं ‘आय फाइव्ह, आठ जीबी’ लिहून काही उपयोग नाही, गेम अडतो तो बहुतेक ग्राफिक्सवर.

आणि तारीख. तारखेशिवाय नोंद घ्यायचीच नाही असा नियमच करा. रॉकेट लीगची लिनक्स आणि मॅक आवृत्ती होती, २०२० च्या मार्चमध्ये तिचं ऑनलाइन खेळणं बंद केलं गेलं. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर खेळता यायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीने चीटिंगचं कारण देऊन लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. २०२३ ची नोंद खोटी नव्हती आणि आजची ‘नाही चालत’ ही नोंदही खोटी नाही, त्यामुळे जुनी नोंद खोडू नका, तिच्याखाली नवीन ओळ टाका. ऑनलाइन गेमला अँटीचीटचा, म्हणजे चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्रामचा, वेगळा कॉलम ठेवा. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय दोघांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची का नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून ‘यात ईझी अँटीचीट आहे म्हणजे चालेल’ असा अंदाज शीटमध्ये लिहू नका.

नावांचाही घोळ होतो. प्रे नावाचा एक गेम २००६ चा आणि दुसरा २०१७ चा, दोघांचा एकमेकांशी कथेचा काही संबंध नाही, पहिल्याला लिनक्स पोर्ट (लिनक्सवर आणलेली आवृत्ती) मिळालं आणि दुसऱ्याला नाही. डूम १९९३ चा वेगळा, २०१६ चा वेगळा. म्हणून नावापुढे वर्ष हवंच, आणि स्टीमवरचा गेम असेल तर त्याचा अ‍ॅप आयडी लिहून टाका, तो नंबर दुसऱ्या गेमला नसतो.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं, की याद्या आधीच आहेत. आहेत ना, प्रोटॉनडीबीवर लोक आपापल्या मशीनचे अनुभव लिहितात, प्लॅटिनमपासून (उत्तम चालतो) बोर्क्डपर्यंत (चालतच नाही) दर्जा ठरतो, खूप कामाची गोष्ट आहे आणि तुम्हीही आधी तिथे बघत जा. पण ती स्टीमवरच्या गेम्सची यादी आहे. बाहेरून आणलेले फुकट गेम, जुन्या सीडीवरचे गेम, कोणीतरी एकट्याने बनवलेले छोटे गेम, हे तिथे सापडणार नाहीत. आणि याद्या कायम राहतात असंही नाही. लिनक्स गेम टोम नावाची लिनक्स गेम्सची यादी १९९५ ला सुरू झाली होती, किती लोकांनी त्यात वर्षानुवर्षं नोंदी टाकल्या, आणि २०१३ मध्ये ती बंद झाली. मला अजून वाईट वाटतं त्याचं. स्टीमच्या महिन्याच्या सर्व्हेत लिनक्सवाले कित्येक वर्षं एक टक्क्याच्या आसपास होते, एवढ्या थोड्या लोकांसाठी कोणी पगार देऊन यादी सांभाळत नाही, ती आपणच सांभाळायची असते. म्हणून तुमची शीट महिन्यातून एकदा साध्या सीएसव्हीमध्ये (कुठेही उघडणारी मजकुराची फाइल) उतरवून ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे ठेवा, कोणाचं अकाउंट बंद झालं किंवा कोणी नोकरीला बंगलोरला गेला तरी यादी राहिली पाहिजे.

आणि एक, ‘नाही चालत’ वाल्या ओळींची लाज वाटून घेऊ नका. कुठे अडला, काय मेसेज आला, तो जसाच्या तसा कॉपी करून टाका. पुढच्या माणसाची अख्खी रात्र वाचते त्याने.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): नमस्कार, मी निवृत्त ग्रंथपाल आहे. दिरांचं कपाट आवरताना सीडींचा एक मोठा डबा निघाला. काही सीडी कॉम्प्युटर मासिकांबरोबर आलेल्या आहेत, आणि तीन-चार खोकी आहेत त्यांवर लिनक्स आणि लोकी असं लिहिलंय. मुलगी म्हणते फेकून दे, आता कोण बघणार. पण आयुष्यभर दाखल नोंदवही लिहिलेली असल्यामुळे हात धजावत नाही. हे गेम आहेत असं कळलं. त्यांची नोंद कशी करावी?

उत्तर: काकू, अजिबात फेकू नका! लोकी ही १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली छोटी कंपनी, दुसऱ्यांचे विंडोजवर गाजलेले गेम घेऊन ते रीतसर लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे हा तिचा धंदा. १९९९ मध्ये सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर आणला, मग हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३, रेलरोड टायकून २ असे बरेच. चालली नाही ती, २००२ च्या जानेवारीत बंदच झाली. पण तिथल्या माणसाने लिहिलेली एसडीएल नावाची लायब्ररी (गेमची चित्रं, आवाज, कीबोर्ड सांभाळणारा तयार कोड) आजही असंख्य गेम्समध्ये वापरतात. म्हणजे तुमच्या हातात त्या सगळ्या प्रकरणाचा मूळ ऐवज आहे, आणि ती खोकी आता कोणी छापणार नाहीये.

नोंद तुम्ही माझ्यापेक्षा चांगली कराल. दाखल क्रमांक गेमला देऊ नका, तबकडीला द्या, कारण एका सीडीवर दहा गेम असू शकतात आणि एक गेम दोन सीडींवर. लेबलवर जे छापलंय ते शब्दशः, चूक असली तरी तशीच. मासिकाची सीडी असेल तर महिना आणि वर्ष. तबकडीच्या आतल्या कड्यावर बारीक कोरलेला नंबर असतो तो भिंगाने बघून लिहा, एकाच गेमच्या दोन छपाया त्यावरून वेगळ्या ओळखता येतात. खोकं, मॅन्युअल, सीरियल नंबरचा कागद आहे का नाही हेही हवं, फक्त तो सीरियल नंबर बाहेर दाखवायच्या यादीत टाकू नका. तबकडीवर पेनने काहीही लिहू नका, क्रमांक पाकिटावर.

मग प्रत्येक सीडीची आयएसओ प्रत, म्हणजे अख्ख्या तबकडीची एका फाइलमधली नक्कल, काढून घ्यायची. खराब झालेली असेल तर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम जेवढं वाचता येईल तेवढं वाचतो आणि कुठला भाग वाचला नाही त्याची नोंद ठेवतो. प्रत झाली की तिचा शा२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा लांबलचक आकडा) काढून तुमच्या रजिस्टरमध्ये चिकटवा, पुढे फाइल बिघडली का हे त्यावरून कळतं. हे गेम आजच्या लिनक्सवर सरळ चालतील याची आशा नको, ते त्या काळच्या लायब्ररी आणि त्या काळची आवाजाची पद्धत मागतात. ‘चालतो का’ हा रकाना रिकामा सोडा, ‘तपासलं नाही’ आणि ‘चालत नाही’ यात फरक आहे. आणि कंपनी बंद पडली तरी गेमचे हक्क कोणा ना कोणाकडे असतातच, म्हणून प्रती नेटवर टाकू नका, यादी मात्र खुशाल सगळ्यांना द्या.

ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पुस्तकं जपायची सवय आपल्या गावाला जुनी आहे, ती सीडीपर्यंत पोचावी असं मला फार मनापासून वाटतं. आणि वरचा ऐरोलीचा प्रश्न वाचलात ना, जुन्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह असतो, नव्यांना नसतो! तुमची परवानगी असेल तर कार्यालयामार्फत त्या मुलांशी गाठ घालून देते, ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली-ठाणे कितीसं लांब आहे. त्यांना मशीन आहे, तुम्हाला नोंद कशी ठेवतात ते माहिती आहे.

प्रश्न (खारघर): शाळेच्या लॅबमध्ये जुन्या मशीनवर लिनक्स आहे, इंटरनेट कधी असतं कधी नसतं. लहान मुलांसाठी कुठले गेम टाकू, आणि पुढच्या शिक्षकांना कळेल अशी नोंद कशी ठेवू?

उत्तर: सर, सुरुवात जीकॉम्प्रीपासून करा, २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे, शंभराहून जास्त खेळ एकाच जागी आणि एकदा टाकलं की नेट लागत नाही. सोबत चित्रं काढायला टक्सपेंट आणि गणितासाठी टक्समॅथ. गाड्यांच्या शर्यतीचा सुपरटक्सकार्ट मुलांना आवडेलच पण जुन्या मशीनवर ग्राफिक्स सेटिंग खाली आणावी लागेल, आधी एकाच मशीनवर लावून बघा. सगळं सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, बाहेरून पेनड्राइव्हवर आणू नका, म्हणजे अपडेटही त्याच वाटेने येतील. नोंदीला एक वही पुरे, लॅबमध्येच ठेवा: मशीन नंबर, लिनक्सचं व्हर्जन, गेमचं पॅकेजचं नाव आणि व्हर्जन, टाकल्याची तारीख, कोणत्या इयत्तेला दिला, आणि मुलं कुठे अडली. लिनक्स अपग्रेड केलं की गेमची व्हर्जनंही बदलतात, त्या दिवशी नवीन पान सुरू करा.