चर्चमधल्या ऑर्गनवादकाला रविवारची चार गीतं सोडली तर काम काय असतं? आणि दुपारच्या सुट्टीतलं ऑर्गनवादन ऐकायला येतं कोण?

कोल्हापुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी 22 वर्षं ऑर्गन वाजवतोय. पोटासाठी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशेब बघतो. त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवापुरतं देतो.

आधी वाद्याचं सांगतो. चर्चचा ऑर्गन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भिंतभर नळ्या येतात. तसा पाइप ऑर्गन मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे. आमचा पायानं भाता मारून वाजवायचा, पितळी पत्त्यांचा, म्हणजे रीड्सचा. बालगंधर्वांच्या साथीला असायचा त्याच जातीचा, त्यामुळं गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात तो कुणाला परका वाटत नाही. हाताच्या पेटीत हवा पत्त्यांतून बाहेर ढकलली जाते. यात उलटं होतं: पाय मारले की भाता आतली हवा उपसतो आणि बाहेरची हवा पत्त्यांतून आत ओढली जाते. पाय थांबले की सूर गेला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या दाबलेल्या तशाच खाली राहतात. म्हणून जूनपासून मी आत 40 वॅटचा बल्ब लावून ठेवतो.

आता काम. गीताची पहिली ओळ वाजवली की मंडळी उभी राहते. पण एक ओळ संपल्यावर पुढची सुरू करेपर्यंत किती थांबायचं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. तेवढ्यात सगळ्यांनी श्वास घ्यायचा असतो, त्यात सत्तरी ओलांडलेल्या आज्याही असतात. मी घाई केली तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्यांच्या तोंडातच राहतो, जास्त थांबलो तर गाणं मरगळतं. हे जमायला मला सहा-सात वर्षं लागली. माझ्या आधी वाजवणाऱ्या मावशींनी एक सवय लावली होती: वाजवताना शब्द स्वतः म्हणायचे. आजही माझे ओठ हलत असतात. शब्द तोंडात असले की श्वासाची जागा हाताला कळते.

‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातल्या पाश्चात्त्य चालींना चार आवाजांची मांडणी लागते, तिचा सराव आठवडाभर रात्री जेवण झाल्यावर चालतो. पण नारायण वामन टिळकांचं भजन आलं की मी डावा हात जवळजवळ उचलतोच. षड्ज-पंचम धरायचा आणि तबल्याबरोबर जायचं. भैरवीखाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, घातले की भजनाचा जीव जातो, असं माझं ठाम मत आहे. शिवाय लग्नं, मयतं, नाताळच्या तालमी. नवरी यायला पाऊण तास उशीर झाला तर पाऊण तास वाजवत राहायचं.

दुपारच्या वादनाची पद्धत लंडनच्या जुन्या चर्चेसमधली. जेवणाच्या सुट्टीत पाऊण-एक तास ऑर्गन वाजतो, बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, ऑफिसातली माणसं ऐकतात आणि उठून कामाला जातात. आमच्या पाळकसाहेबांनी ते ऐकलं होतं. एके वर्षी ईस्टरच्या आधीच्या बुधवारी त्यांनी मला सव्वा वाजता बसवलं. मी फौंड्रीतून अर्धा दिवस रजा टाकली. तीसेक माणसं आली: मंडळीतल्या बायका, जवळच्या दुकानांतली दोघं-तिघं डबा घेऊन, आणि एका भजनी मंडळाचे पेटीवाले काका.

मधे जर्मन संगीतकार बाखची एक छोटी रचना होती. तिची मूळ चाल हान्स लिओ हासलर यांनी 1601 मध्ये एका प्रेमगीतासाठी बांधलेली. पुढं ती ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या गीताला लागली, आणि गुड फ्रायडेला आमची मंडळी तीच गाते. बाखनं ती हरकती घालून उजव्या हाताला दिली आहे. पायांनी वाजवायचा खर्ज आमच्या वाद्यात नाही, म्हणून तो मी डाव्या हातात कसाबसा बसवला होता. दुसऱ्या ओळीला मागून गुणगुणणं ऐकू आलं. बायकांनी हरकतींतून चाल ओळखली होती. गायला कुणाला सांगितलेलं नव्हतं, तरी ओळ संपली तसा मी थांबलो. त्यांनी श्वास घेतला. मग शेवटपर्यंत तसंच वाजवलं, बाखच्या लयीपेक्षा बरंच सावकाश. कागदावर ते चूकच. पण पुन्हा बसलो तर तसंच वाजवीन.

संपल्यावर पेटीवाले काका जवळ आले. “मधे मधे थांबत होता, ते त्या बायकांसाठी न्हवं?” मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, “जरा पाय मारून बघू?” चपला काढून बसले. पहिल्यांदा पाय आणि हात जुळेनात, भाता रिकामा होऊन सूर बुडायचा. मग जुळलं, आणि त्यांनी तुकोबांचा एक अभंग धरला. मी शेजारी उभा राहून स्टॉप, म्हणजे आवाजाचा पोत बदलायच्या खुंट्या, ओढून देत होतो. चर्चला कुलूप लावलं तेव्हा तीन वाजून गेले होते.