एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाच्या) कपात बुडबुडे येतात आणि रंग थुंकल्यासारखा उडतो. घरी दुरुस्त होईल का?

होईल. तुमचा एअरब्रश वर कप असलेला, डबल-अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), ०.३ मिमी नोझलचा (रंग बाहेर पडतो त्या बारीक तोंडाचा) आहे, रंग पाण्यातले अ‍ॅक्रिलिक आहेत आणि मागच्या वेळी धुताना सुईचं टोक सिंकला लागलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. ही लक्षणं पाहता बिघाड पुढच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरमध्ये आहे. ट्रिगर, स्प्रिंग, खालचा हवेचा व्हॉल्व्ह यांना सध्या हात लावू नका.

हवा नोझलच्या बाहेरून पुढे वाहते आणि आतला रंग ओढून घेते. कपात बुडबुडे दिसतात तेव्हा तीच हवा रंगाच्या वाटेने उलटी मागे शिरत असते. त्याची कारणं तीन: पुढची टोपी सुकलेल्या रंगाने बुजली आहे, नोझल बॉडीवर घट्ट टेकलेलं नाही, किंवा नोझलला चीर गेली आहे. टोपी काढून साफ करा, कपात साधं पाणी घालून १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाबावर उडवून पाहा. बुडबुडे थांबले तर काम संपलं. नाही थांबले तर पुढे वाचा.

उघडताना क्रम महत्त्वाचा. हवा बंद, कप रिकामा, खाली पांढरा टॉवेल (नोझल तांदळाच्या कणीएवढं असतं आणि सिंकच्या जाळीतून आरामात जातं). मागचं हँडल काढा, सुई धरणारा नट सैल करा, सुई एक-दोन सेंटिमीटर मागे ओढा आणि मगच नोझल फिरवा. सुई आत रुतलेली असताना नोझल काढलं किंवा बसवलं की त्याचं तोंड फाकतं. बहुतेक नोझल अशीच मरतात, रंगाने नाही. जोडताना उलट: आधी नोझल, सुई सगळ्यात शेवटी, आणि ती हलकेच टेकली की थांबायचं.

नोझल आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये वीसेक मिनिटं ठेवा. जुना, कडक झालेला अ‍ॅक्रिलिक त्याने बऱ्याचदा पूर्ण सुटत नाही. त्याला अ‍ॅसिटोन किंवा लॅकर थिनर लागतो, खिडकी उघडी ठेवून. त्यात फक्त सुटे धातूचे भाग बुडवा. काळ्या रबरी ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या गोल चकत्या) थिनरमध्ये फुगतात, म्हणून अख्खा एअरब्रश भिजत घालू नका. नोझलचा मागचा रुंद भाग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या दातांच्या फटीतल्या बारीक ब्रशने साफ होतो. शिवणाची सुई किंवा टाचणी आत घालू नका. आतला उतार ओरखडला की फवारा कायमचा एका बाजूला जातो.

आता घड्याळजीच्या भिंगातून नोझलचं तोंड बघा. भोक गोल हवं. कर्ण्यासारखं फाकलेलं किंवा कडेला केसाएवढी चीर दिसली तर नवीन घ्या. डिंक, एम-सील, डाग देणं, यातलं काहीच इथे टिकत नाही. घेताना मॉडेल पाहूनच घ्या: इवाटा कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत नोझल बारीक आट्यांचं असतं, तर हार्डर अँड स्टीनबेक कंपनीच्या एअरब्रशमध्ये ते आट्यांशिवाय नुसतं आत बसतं. आणि ०.३ च्या नोझलला ०.३ चीच सुई.

सुई काचेवर ठेवून बोटाने फिरवा. टोक वरखाली उडत असेल तर ते वाकलंय. कापसावरून मागून टोकाकडे ओढा. तंतू अडकले तर आकडा झालाय. सुई आडवी धरून टोक स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर टेकवा, सुई फिरवत स्वतःकडे ओढा, वाक हळूहळू जातो. मग २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिमटीत धरा आणि सुई फिरवत टोकाच्या दिशेने पाच-सहा वेळा ओढा. उलट्या दिशेने घासलंत तर टोक पुन्हा वळेल. टोकच तुटलं असेल तर ती सुई पायाभूत थरापुरती वापरा. बारीक रेघ तिच्याने येणार नाही.

आट्यांचं नोझल आधी बोटांनी पूर्ण फिरवा, मग सोबतच्या छोट्या पान्याने जेमतेम आवळा. जोर लावला तर मान तुटून आटे बॉडीतच राहतात. तसं झालं तर सोनारकामाच्या बारीक कानशीचं निमुळतं, चौकोनी शेपूट आत हलकंच अडकवून डावीकडे फिरवा. गळती तरीही राहिली तर आट्यांवर मधमाशांच्या मेणाचा पुसट थर द्या. टेफ्लॉन टेप इथे नको: या आट्यांना ती जाड पडते आणि तिचे तुकडे नोझलमध्ये जातात. ती पाइपच्या १/८ इंची जोडासाठी ठेवा.

पुन्हा पाण्याने तपासा. बुडबुडे असतीलच, तर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावा. फेस फुगेल तिथे गळती.

रंग मागे ट्रिगरपर्यंत येत असेल तर दोष कपामागच्या पॅकिंगचा (सुईभोवतीच्या सीलचा). त्याचा स्क्रू पाव फेरा आवळा, सुईला किंचित अडखळ जाणवेल इतपतच. जास्त आवळलं तर ट्रिगर परत येत नाही. वंगणाला एअरब्रशसाठीचं, सिलिकॉन नसलेलं वंगण नखभर. सिलिकॉन ग्रीस, डब्ल्यूडी-४० किंवा शिलाई मशीनचं तेल रंगाच्या वाटेत गेलं की पृष्ठभागावर रंग फाटून गोल डाग पडतात.

सगळं नीट असूनही थुंकत असेल तर रंग जाड आहे किंवा सुईच्या टोकावर सुकतोय. अ‍ॅक्रिलिक दुधाएवढा पातळ करा, रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घाला, दाब १८ ते २० पीएसआय ठेवा आणि मधूनमधून ओल्या कापसाने टोक पुसा. गणपतीच्या मूर्तीवर पर्ल (मोत्यासारखा चमकणारा) किंवा सोनेरी रंग मारायचा असेल तर त्यातले कण ०.३ मध्ये अडकतात. त्या कामाला ०.५ चा वेगळा सेट घ्या.