फोमची जुनी गादी वितळवून नवी का करत नाहीत?

कारण ती वितळतच नाही. प्लास्टिकची बादली वितळते, गादी जळते. फोम बनतो कसा आणि भंगारवाला जुनी गादी का घेत नाही, हे तुम्ही विचारलंय. एकोणीस वर्षं फोमच्या कारखान्यात मिक्सिंगला होतो, म्हणून राहवलं नाही.

लोकांना वाटतं फोममध्ये हवा भरतात. कोणी भरत नाही. पॉलिऑल आणि टीडीआय ही दोन पातळ रसायनं एकत्र आली की पॉलियुरेथेन होतं, म्हणजेच गादीचा फोम. सोबत घातलेलं पाणी टीडीआयशी भिडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि माल फुगतो. दोन-अडीच मिनिटांत डबा भरतो, वरच्या सालीवर बारीक बुडबुडे फुटतात आणि ब्लॉक चक्क सुस्कारा टाकतो. तो ऐकला की समजायचं, बॅच जमली.

सगळा खेळ पाण्याचा. पाणी जास्त तर फोम हलका, पण उष्णताही जास्त. आणि फोम उष्णता बाहेर सोडत नाही, त्यामुळे ब्लॉकच्या पोटात १५० अंशांच्या पुढे पारा जातो आणि तासन्‌तास उतरत नाही. म्हणून आम्ही मिथिलीन क्लोराइड घालायचो, आमच्या भाषेत एमसी. ते उडून जाताना उष्णता घेऊन जातं, फोमही हलका होतो.

एका रात्री एमसीचा ड्रम संपला. साहेब म्हणाले, "पाण्यावर भागव." १०० किलो पॉलिऑलला साडेचार किलो पाणी चालू होतं, ते साडेपाच करायला लावलं. म्हटलं, "साहेब, आतून करपेल." तर, "तू इंजिनिअर आहेस का?" नव्हतो. केलं.

दोनेक तासांनी गोदामात जळका वास, डोळे चुरचुरायला लागले. ब्लॉक बाहेरून पांढराशुभ्र. साहेब म्हणतात, कापून बघू! तापलेला ब्लॉक कापला की आत हवा शिरते आणि नुसतं धुमसत असलेलं पेटतं. मी आणि हेल्परनं तो ट्रॉलीवर घालून मोकळ्या आवारात ढकलला. सकाळी कापला तर मधोमध करपलेल्या पावासारखा. रिपोर्टात लिहिलं, 'मिक्सिंग ऑपरेटरकडून पाण्याचं प्रमाण चुकलं.' माझा आठ दिवसांचा पगार गेला.

त्याच ब्लॉकचं पुढे काय झालं? गाभा फेकला, बाकीचा चिपरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात. तुकड्यांना बाइंडर, म्हणजे चिकटवणारं रसायन लावून, साच्यात दाबून वाफ दिली की झाला रिबाँडेड फोम. कारखान्यातल्या कटिंगचं हेच होतं, कारण ते कोरडं आणि स्वच्छ असतं. तुमची गादी घाम प्यालेली, जागा खाणारी आणि वजनाला काहीच नाही. भंगारवाल्याला परवडायचं कसं? ग्लायकॉल नावाच्या पातळ रसायनात साधारण २०० अंशांना तापवून पॉलिऑल परत काढता येतं, पण त्यालाही निवडलेला, स्वच्छ माल लागतो.

रिबाँडेडला 'चिंध्यांची गादी' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मी त्यावरच झोपतो. जरा कडक असते, पाठीला नाही मानवली तर मला बोलू नका. आणि नवी गादी उचलून, वजनावरून पारखू नका. चुनखडीची पूड घालून वजन वाढवता येतं, म्हणजे अक्षरशः चुना लावतात. सगळेच लावतात असं नाही.

हो, जुनी गादी अंगणात पेटवू नका. त्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो.

राहिलं ते लॉगबुक. साडेपाचचा आकडा माझ्याच अक्षरात आहे, कबूल. पण त्याच्या वरच्या ओळीत 'एमसी निरंक' हेही माझ्याच अक्षरात आहे, आणि खाली सही साहेबांची.