'तूही ये ना' म्हणणारा नवरा

बोरिवलीच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. नवरा सोळा वर्षं बोरिवली-चर्चगेट करून मेटाकुटीला आला होता. कंपनीने ऑफिसची जागाच सोडली आणि सगळ्यांना कुठूनही काम करायची मुभा दिली. दिवाळीनंतर तो 'महिनाभर बघतो' म्हणून लॅपटॉप घेऊन मालवणजवळ देवबागला गेला. त्याला आता पाच महिने झाले. हिचंही काम लॅपटॉपवरच, पण सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, म्हणून ही इथे. तो रोज फोनवर म्हणतो, 'तूही ये ना. आईलाही आण, रोज शहाळं पिईल, ठणठणीत होईल.' आता तिथलं घर वर्षभरासाठी घ्यायचं त्याच्या मनात आहे. ती विचारते, 'त्याला बरं वाटतंय आणि मला राग येतोय. मी कोत्या मनाची आहे का?'

नाही गं. कोत्या मनाची असतीस तर पाच महिने थांबली नसतीस.

मी तुझ्या पत्रात त्या शहाळ्यापाशीच अडकले. किडन्या निकामी झालेल्या माणसाला शहाळं म्हणजे पोटॅशियमचा मारा, हृदयाचे ठोके बिघडायची भीती. तुला हे पाठ असणार. दिवसाचं पाणी मोजून द्यायचं, भाजी उकळून ते पाणी ओतून टाकायचं, फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर) असलेल्या हाताचं बीपी घेऊ द्यायचं नाही, हेही. पोटच्या पोराला यातलं काही ठाऊक नाही. तो वाईट आहे म्हणून नव्हे, त्याच्यावर कधी वेळच आली नाही म्हणून. आणि ती येऊ न देण्यात थोडा हात तुझाही आहे. (रागावू नकोस. मीही सासऱ्यांच्या आजारपणात हेच केलं, आणि वर मिरवलंही.)

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू सहज लिहून गेलीस: सेंटरच्या बाहेर बाकड्यावर बसून तू मीटिंगा घेतेस. म्हणजे कुठूनही काम तूही करतेसच की! त्याचं 'कुठूनही' म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. तुझं म्हणजे ते बाकडं, चार-चार तास.

त्याचंही ऐकू. सोळा वर्षं लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाला, दुपारी दुकानं बंद करून निजणाऱ्या गावात झोप लागत असेल तर ती खोटी नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, मला ती झोप माहीत आहे. पण पाऊसही माहीत आहे. त्याने देवबाग पाहिलं ते दिवाळी ते चैत्र. जूनमध्ये होड्या वर ओढतात, मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद, आणि वीज गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. तौक्ते वादळ आलं तेव्हा, मे 2021 मध्ये, कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हा वर्षभराच्या घरावरून तू भांडू नकोस. एवढंच म्हण, की करार ऑगस्ट बघून कर. पुढचं काम पाऊस करेल.

तुला भांडायचंच असेल तर एका महिन्यावरून भांड. त्याला सांग, 'येते मी. पण तू इकडे ये, मग मी येते.' कामं दोघांचीही लॅपटॉपवरची, सबब उरत नाही. पहिल्या दोन डायलिसिसना त्याला बरोबर ने. नर्सशी ओळख, आहाराचा कागद, औषधांचा डबा, वजन लिहायची वही, सगळं त्याच्या हातात दे. तिसऱ्या खेपेला त्याला एकट्याला जाऊ दे आणि रात्री तू दादरहून कोकणकन्या पकड. महिन्यात बारा-तेरा खेपा होतात. तुझ्या दहा भांडणांनी जे कळणार नाही ते चौथ्या-पाचव्या खेपेला त्या बाकड्यावर आपोआप कळेल.

एक मात्र खटकलं. तुझ्या दोन पानी पत्रात सासूबाई फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हणून येतात. त्यांना काय हवंय, हे विचारलंस का? मुलाच्या हातचा बिघडलेला चहा महिनाभर प्यायला त्यांना आवडेलही. चहा मोजूनच, अर्थात. आणि त्या 'नको' म्हणाल्या तर का, तेही ऐक. कदाचित त्या त्याला सांभाळून घेत असतील.

महिन्यानंतर तो पुन्हा जायचं म्हणेल. म्हणू दे. तेव्हा आळीपाळी ठरवा, मदतनीस बाई ठेवा, तिच्या पगाराचा भार त्याने उचलावा. ते बोलणं आत्ता करू नकोस, आत्ता त्याला अर्धंच कळेल.

कुडाळला सकाळी उतरशील. पहिले चार दिवस 'पाणी किती दिलं' म्हणून फोन करायचा नाही, फारच अडलं तर तो करेल. देवबागला पोचलीस की शहाळं पी. तुला चालतं.